चि. ऋतुजास, स्वालबारला निघण्यापूर्वी

जयगड

चि. ऋतुजास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री बोलता बोलता मी फोन ठेवून दिला, ते माझे चुकलेच. तू इतक्या हौसेने सगळा बेत सांगत होतीस आणि मी ‘मग जाऊच नकोस’ म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे, आणि तिचे बरोबर आहे. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या जाण्याला माझा विरोध नाही, हे आधी सांगतो. आणि गोठलेल्या समुद्राचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे मनाशी ठरवले आहे.

तू पाठवलेला बेत मी नाक्यावरून छापून आणला. मुंबईहून ऑस्लो, तिथून सुमारे तीन तासांचे विमान, आणि मग ७८ अंश उत्तरेला लाँगइयरब्येन हे गाव. स्वालबारची बेटे नॉर्वेच्या अमलाखाली असली तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या, हद्दीबाहेर आहेत, त्यामुळे परतताना नॉर्वेत दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो आणि व्हिसा एका प्रवेशाचा असून चालत नाही, हे तू कोणी न सांगता हेरलेस, तेव्हा मला फार बरे वाटले. दादामामाला मी ते दोनदा वाचून दाखवले. १९२० साली पॅरिसला या बेटांबद्दल जो तह झाला, त्यावर ब्रिटिश साम्राज्याबरोबर हिंदुस्थानचेही नाव लागले होते, हे मला या वयात तुझ्यामुळे कळले. पुढे २००८ साली आपल्या लोकांनी न्यू ऑलेसुंडला ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र उघडले आणि त्याचा कारभार इथून एका रात्रीच्या प्रवासावर, गोव्यात वास्कोहून चालतो, हेही कळले. तू तिथपर्यंत जाणार नाहीस, पण त्याच बेटावर असशील. पहिलीत असताना तुला शाळेपर्यंत एकटीला सोडायचे की नाही यावर आपल्या घरात आठवडाभर खल चालला होता, आणि आता तू पृथ्वीच्या टोकापर्यंतचा रस्ता स्वतः आखते आहेस.

तिथे हॉटेलच्या आणि संग्रहालयाच्या दारातही बूट काढून आत जातात, खाणीतून आलेल्या माणसांनी कोळशाची भुकटी घरात आणू नये म्हणून पडलेली ती रीत आहे, हे वाचून आईला ते गाव एकदम ओळखीचे वाटू लागले. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली, रीत मात्र राहिली. गाव उणेपुरे अडीच हजार वस्तीचे, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीला जायला रस्ता नाही, आणि गावाच्या वेशीवर अस्वलाची पाटी. तुला जी शांतता हवी आहे ती तिथे मिळेल. गेल्या वर्षी तुझ्या वाट्याला जे आले, त्यानंतर ती तुला हवीशी वाटावी, हे मी समजू शकतो.

बियाण्यांच्या कोठाराचे दार बाहेरून तरी पाहून ये. आत सोडत नाहीत. डोंगराच्या पोटात शंभरहून अधिक मीटर आत, उणे १८ अंशांवर, जगभरातून आलेले दहा लाखांहून अधिक वाणांचे नमुने ठेवलेले आहेत आणि त्यांत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूरही आहे. माई नाचणीचे बी राखेत घोळवून मडक्यात भरायची, तोंडाला फडके बांधून वर शेण लिंपायची आणि मडके चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची, ते तुला आठवत असेल. त्या मडक्याला कोणी हात लावलेला तिला खपत नसे. एका वर्षी घरात दाणा उरला नव्हता तेव्हासुद्धा तिने ते फोडू दिले नाही. त्या दारासमोर उभी राहशील तेव्हा तिची आठवण काढ.

आता बेतातला सातवा दिवस. तो टाळून पुढे जायचा प्रयत्न मी केला, पण मला तो टाळता येत नाही. शनिवारी स्नोमोबाइलवरून दरीतून फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, आतल्या टोकाला जायचे आणि ‘बर्फाची स्थिती पाहून’ गोठलेल्या समुद्रावरून हिमनदीच्या कड्यापर्यंत, असे त्यात लिहिले आहे. दरीबद्दल माझे काही म्हणणे नाही. हिमनदीबद्दलही नाही. पण ऋतुजा, त्या कड्यापुढे जे सपाट पांढरे मैदान दिसते, ते मैदान नाही, ती खाडी आहे. त्या बेटांच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह लागतो. जिथे पूर्वी हिवाळ्यात फ्योर्ड गोठत असत तिथे गेल्या वीसेक वर्षांत बऱ्याचदा उघडे पाणी असते, आणि आतल्या टोकांना धरतो तो बर्फही दर वर्षी सारखा धरत नाही. २०२० च्या जुलैत त्या गावात पारा २१.७ अंशांवर गेला होता. खाऱ्या पाण्याचा बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फाइतका टणक नसतो, तो आधी वाकतो. त्याच्या खाली भरती-ओहोटी चालूच असते, आपल्यापेक्षा कमी, पण दिवसातून दोनदा, आणि काठाशी जिथे बर्फ जमिनीला चिकटलेला असतो तिथे त्यामुळे भेगा पडतात. वरून बर्फ भुरभुरला की भेग झाकली जाते. म्हणून किनाऱ्यावरून बर्फावर उतरताना आणि परत चढताना...

पाहिलेस, मी पुन्हा बंदरावरच्या नव्या शिपायाला समजावून सांगावे तसे तुला सांगू लागलो. हे सगळे तू माझ्या आधी वाचलेले असणार. मला क्षमा कर. तू चौतीस वर्षांची आहेस आणि वाटाड्या बरोबर आहे.

अस्वलाची मला तेवढी भीती वाटत नाही, याचे तुला नवल वाटेल. आई रात्री त्याच धास्तीने उठून बसते. पण अस्वल दिसते, त्याच्यासाठी वाटाड्याजवळ बंदूक असते, आणि त्याच्यापासून किती लांब राहायचे याचाही नियम आहे. एरवी ३०० मीटर, १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, असा कायदाच २०२५ पासून लागू झाला आहे. जे दिसते आणि ज्याचे अंतर मोजता येते, त्याच्याशी माणूस सांभाळून वागतो.

सुधाकाकाची हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. उरलेली मी आजवर तुझ्या आईखेरीज कोणालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी श्रावणातली अमावास्या होती, म्हणजे उधाण. माईचे औषध पलीकडच्या तीरावरून आणायचे होते आणि तरीची होडी पावसामुळे बंद होती. सुधा म्हणाला, सुकतीला चालत जाऊन येतो. आम्ही दोघेही लहानपणापासून त्या चिखलातून शेकडो वेळा गेलो होतो. त्याने मला वेळ विचारली, कारण भरतीचा तक्ता माझ्या टेबलावर असे. मी तक्त्यावर बोट ठेवून पाहिले आणि सांगितले, अजून सव्वा तास आहे, आरामात जा. तक्ता बरोबर होता. पण सकाळपासून समुद्राकडून वारा लागला होता. वाऱ्याने पाणी आत लोटले की भरती वेळेच्या आधी चढते, हे मी जाणत होतो, बावट्याच्या काठीपाशी उभा राहून तोच वारा अंगावर घेत होतो, आणि तरीही मी त्याला कागदावरचा आकडा सांगितला. मधली खोलगट भरली तेव्हा तो परतीच्या वाटेवर होता. दुसऱ्या दिवशी तिवरांत सापडला. औषधाची बाटली खिशात तशीच होती.

हे तुला घाबरवायला लिहिलेले नाही. रविवारी तू म्हणालीस, ‘बाबा, तिथे रोज बर्फाचा नकाशा निघतो, लोक तो पाहूनच जातात,’ आणि तेवढ्यावरून मी फोन ठेवला, त्याचे कारण तुला कळावे म्हणून लिहिले. तो नकाशा मी आता स्वतः पाहू लागलो आहे. नॉर्वेचे हवामान खाते तो काढते. खुल्या पाण्याला, विरळ बर्फाला, घट्ट बर्फाला आणि किनाऱ्याला धरून असलेल्या बर्फाला वेगवेगळे रंग आहेत. काम फार नेटके आहे. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. पण तो सोमवार ते शुक्रवार निघतो. शनिवारी, रविवारी निघत नाही. तुम्ही शनिवारी जाणार, म्हणजे हातात शुक्रवारचा नकाशा असणार, आणि मध्ये एक पुरी रात्र वाऱ्याची.

पुन्हा तेच. तुझी आई आत्ता मागे उभी राहून वाचून गेली आणि काही न बोलता आत गेली.

तिने तुझ्यासाठी लोकरीचे दोन जोड मोजे विणले आहेत. ते शुद्ध लोकरीचे आहेत, कारण सुती मोजा घामाने ओला झाला की तिथल्या थंडीत घात करतो, असे तूच तिला सांगितले होतेस. कुरिअरने पाठवतो. त्यांच्याबरोबर थोडे कुळीथपीठही आहे. सामानात जागा असेल तर ने, नसेल तर पुण्यातच संपव. गावाबाहेर पडलीस की मोबाइलची रेंज नसणार, हे मला माहीत आहे, तेव्हा त्या शनिवारी दिवसभर तू फोन करावास अशी माझी अपेक्षा नाही. इस्पितळ लहान आहे आणि गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला नेतात, म्हणून विम्यात शोध आणि सुटकेचा खर्च धरलेला आहे ना, एवढे एकदा तपासून घे. बर्फावर जाणारी माणसे गळ्यात दोन छोटे टोचे अडकवतात, पाण्यात पडल्यास बर्फाच्या कडेत रोवून अंग वर ओढून घेण्यासाठी. वाटाड्याने ते दिले तर ते कोटाच्या आत घालू नकोस, वर ठेव, हाताला लागतील असे.

तू जा. मनापासून सांगतो, जा. मी चाळीस वर्षे समुद्राच्या काठावर बसून दुसऱ्यांची गलबते नोंदवली आणि गोव्याच्या पुढे कुठे गेलो नाही. तू परत आलीस की त्या पांढऱ्या पाण्याचे फोटो मला एकेक करून दाखव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आईला न सांगता हे लिहितो आहे. सातवा दिवस शनिवारऐवजी सोमवारी घेता येईल का, एवढे त्या लोकांना विचारून पाहशील का? सोमवारी सकाळी वाटाड्याला वारा विचारायचा, दुपारी नवा नकाशा पाहायचा आणि मगच निघायचे. तो नाही म्हणाला तर राहू दे. पण विचार.