बाई, ‘इंटेन्सिटी’ शिकवल्याबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं, पण मला ते चारचौघांसमोर लिहायचं होतं. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, तुम्ही संध्याकाळी अभ्यासिकेत इंग्रजी शिकवायचात. एक पैसा घेतला नाहीत. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे गाइडमधून पाठ करायचा विषय. मी आज नर्स आहे ती तुमच्या त्या वर्गामुळे. तुम्ही शिकवलेल्या सगळ्याच शब्दांबद्दल लिहीत बसले तर वही पुरायची नाही, म्हणून एकाच शब्दाबद्दल लिहिते. तो माझ्या कामात रोज लागतो.

इंटेन्सिटी म्हणजे तीव्रता, हे आम्हाला पाठ होतं. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. तुम्ही किल्लारीचा भूकंप काढलात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्यापैकी कुणाचा जन्मही झालेला नव्हता, पण घरोघरी ती पहाट ऐकून माहीत होती. माझी आजी सांगायची, मांडणीवरची भांडी वाजायला लागली आणि अख्खी गल्ली रस्त्यावर आली. तुम्ही विचारलंत, भूकंप एकच होता ना? मग किल्लारीत गाव भुईसपाट झालं आणि आपल्याकडे भांडी वाजली, हे कसं? जमिनीच्या पोटात किती ऊर्जा सुटली ते सांगतो तो आकडा मॅग्निट्यूडचा. तो साधारण ६.२, आणि तो लातूरला जेवढा तेवढाच सोलापूरला. इंटेन्सिटी मात्र प्रत्येक गावाची वेगळी, कारण त्या ठिकाणी माणसांना काय जाणवलं, घरांचं काय झालं, यावरून ती ठरते. मर्केली मापनात ती एक ते बारा अशा रोमन आकड्यांत लिहितात. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्हींना तीव्रताच म्हणतात, त्यामुळे इंग्रजी बातमी वाचताना आमची गल्लत व्हायची. त्या दिवसानंतर ती थांबली.

मला या उदाहरणाची खरी किंमत वॉर्डात कळली. सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा बेचाळीसच्या पुढे गेला, अंगातलं पाणी आटलं की मुतखड्याचे पेशंट येतात. असेच एक आजोबा आले होते. पोटाला उशी दाबून धरलेली, कपाळावर घाम. शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, आता किती दुखतंय, असं विचारलं. ‘‘नऊ लिवा बाई, लई कळा येताल्या.’’ इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, तर म्हणाले, ‘‘कळा तेवढ्याच येत्यात, पर आता चार.’’ मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की फ्रीक्वेन्सी तीच आहे, इंटेन्सिटी उतरली आहे. कळ किती वेळा येते हे एक आणि आली की किती जोराची येते हे दुसरं. ठणका आहे, कळ आहे की आग होते आहे, हे तिसरं. ही तिन्ही वेगळी विचारायची आणि वेगळी नोंदवायची शिस्त मला तुमच्या वर्गातून मिळाली.

‘सिव्हिअर’ आणि ‘इंटेन्स’ यांतला फरकही तुमचाच. दुखणं सिव्हिअर असतं तसं इंटेन्सही असतं, दोन्ही चालतं. पण सिव्हिअर हा शब्द वाईटाकडेच झुकतो: आजार, दुष्काळ, शिक्षा. आनंद सिव्हिअर होत नाही, तो इंटेन्स होतो. रंग, वास, चव, प्रेम, उत्सुकता या सगळ्यांना इंटेन्स चालतो. इंटेन्सिटीला ‘बिग’ लावायचं नाही, ‘हाय’ किंवा ‘ग्रेट’ लावायचं, हे तुम्ही इतक्या वेळा म्हणून घेतलंत की आता चुकीचं वाक्य कानालाच खटकतं.

आणि इंटेन्सिव्ह! आयसीयूतला ‘आय’ इंटेन्सिव्हचा, इंटेन्सचा नाही. इंटेन्स म्हणजे जे मुळातच जोरकस आहे ते, जसं ऊन किंवा वेदना. इंटेन्सिव्ह म्हणजे माणसाने ठरवून एकवटलेलं, जसं एका पेशंटवर चोवीस तास लक्ष, थोड्या दिवसांत भरगच्च शिकवणी, किंवा कमी जमिनीत जास्त पीक काढणारी शेती. आयसीयूत ड्युटी लागली तेव्हा दारावरची पाटी वाचून मला तुमचा तो तास आठवला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र शब्दाच्या मुळाची. लॅटिनमध्ये त्या मुळाचा अर्थ ताणणे, आणि आपला ‘ताण’ हा त्याच कुळातला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या बापूंचा माग डोळ्यांपुढे आला. उभं सूत ढिलं पडलं तर कापड बिघडतं, फार ओढलं तर तुटतं, आणि बापू बोटाने नुसतं दाबून ते ओळखायचे. पूर्वी इंग्रजीत ‘इंटेंड’चाही अर्थ जोर वाढवणे असा होता; न्यूटनने तो तसा वापरला आहे. पुढे इंटेंड म्हणजे ‘मनात धरणे’ एवढंच उरलं, आणि कोलरिज या कवीची अडचण झाली. म्हणून १८१७ मध्ये त्याने ‘इंटेन्सिफाय’ हा शब्द स्वतः घडवला आणि तळटीपेत कारणही दिलं. जिथे शब्द नाही तिथे माणूस तो करू शकतो, हे यंत्रमागवाल्याच्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते तुम्ही सांगितलंत.

बाई, आमच्या वॉर्डात यंदा ज्या नव्या मुली आल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच मराठी शाळांतून आलेल्या आहेत. पेशंटशी त्या उत्तम बोलतात, पण इंग्रजीत नोंद करताना अडतात. ड्युटी संपल्यावर मी त्यांना थोडं थोडं शिकवायला लागले आहे. त्यासाठी तुमच्या त्या जाड वहीची झेरॉक्स काढायची परवानगी हवी आहे, आणि जमलं तर एका संध्याकाळी तुम्हीही यावं. न्यायला मी येईन. वेळ तेवढी कळवा.

तुमची विद्यार्थिनी