पहिल्या मीटिंगला जाण्याआधी

चि. राजूस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तुला व्यसनमुक्ती केंद्रातून डिस्चार्ज मिळेल. माझं एकच सांगणं आहे. घरी ये, आंघोळ-जेवण उरक आणि त्याच संध्याकाळी एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या, मीटिंगला जा. मंगळवारवर ढकलू नकोस, ‘जरा स्थिरस्थावर झाल्यावर’ तर नकोच. केंद्रात दिवस आखून दिलेला होता आणि बाटली नजरेआड होती. घरी संध्याकाळचे सात वाजले की त्या तासाला काय करायचं हे शरीराला पाठ असतं. तोच तास मीटिंगला दे.

गटांची यादी समुपदेशकांकडून आत्ताच घेऊन ठेव. ठाणे-मुंबईत गट पुष्कळ आहेत. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल अशा जागी भरतात. बाहेर ठळक पाटी नसते, त्यामुळे फाटकापर्यंत जाऊन माणसं परत फिरतात. म्हणून आधी फोन कर आणि विचार: आज नक्की आहे ना, कुठल्या मजल्यावर, मराठी की हिंदी, ओपन की क्लोज्ड? ओपन मीटिंगला घरचे लोकही बसू शकतात. क्लोज्ड फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. ‘मी नवीन आहे’ एवढं सांगितलंस तर बहुधा कोणीतरी खाली घ्यायला येईल. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून लांबचा गट निवडू नकोस. आठवडाभर उत्साह टिकतो, मग पाऊस आणि लोकलची गर्दी पुरते जाणं सुटायला. ओळखीचा भेटलाच तर तोही त्याच कारणाने आलेला असेल. वाटेत तुझा नेहमीचा बार लागत असेल तर मात्र रस्ता बदल.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी थैली फिरते, तीत टाकलंच पाहिजे असं नाही. एकेक जण स्वतःचं सांगतो, बाकीचे ऐकतात. मधे कोणी सल्ला देत नाही, उलटतपासणी करत नाही. तुझी पाळी आली तर नाव सांग आणि ‘आज फक्त ऐकतो’ म्हण, चालतं. प्रार्थना असते म्हणून बिचकू नकोस. देव मानत नसशील तर गटालाच आधार मानणारे सभासदही भेटतील. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने हैराण झालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि तिथून हे सुरू झालं. पिणाऱ्याचं पिणाऱ्याला पटतं, यावर सगळी इमारत उभी आहे.

बहुतेक नवे लोक एका विचारापाशी अडकतात: ‘मी काही यांच्याइतका वाया गेलो नव्हतो.’ कोणी फुटपाथवर झोपलेला असतो, कोणाची नोकरी गेलेली असते, आणि तुझी तर टिकून आहे. फरक मोजत बसलास की परत जावंसं वाटत नाही. सारखं काय आहे ते ऐक: लपवलेली क्वार्टर, सकाळी थरथरणारा हात, ‘उद्यापासून बंद’. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा बघ. पाच-सहा ठिकाणी बसल्याशिवाय ‘मला नाही जमत’ म्हणू नकोस. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा असं जुने सभासद सुचवतात. तुझ्या शिफ्टमध्ये जमेल तसं कर, नाइट असेल त्या दिवशी ऑनलाइन मीटिंगला बस.

लवकर पोच आणि संपल्यावर लगेच निघू नकोस. खुर्च्या लाव, चहाचे कप उचल. ओळखी होतात त्या याच दहा मिनिटांत. तीन-चार जणांचे नंबर घे आणि सगळं ठीक असतानाही फोन करत जा. सवय नसेल तर तलफ आल्यावर हात फोनकडे जात नाही. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद, पुरुषच निवड, काही वर्षं न पिता राहिलेला आणि एएच्या बारा पायऱ्यांवर, म्हणजे दारूतून सावरण्याच्या टप्प्यांवर, काम केलेला. नातेवाईक नको, ऑफिसातला साहेबही नको. गटात उसनवारी अजिबात करू नकोस.

गोळ्यांबद्दल कोणी ‘ही पण नशाच’ म्हणालं तर ऐकून सोडून दे. औषध बंद करायचं ते डॉक्टर ठरवतील. डायसल्फिराम, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास व्हावा म्हणून दिलेली गोळी, चालू आहे तोवर, आणि थांबवल्यावरही दोन आठवडे, अल्कोहोल असलेलं कफ सिरप, द्राक्षासव, दशमूलारिष्ट यातलं काही घेऊ नकोस. आसव-अरिष्टांत मुळातच अल्कोहोल असतं. चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या, क्वचित जिवावरही बेततं. चहातून गुपचूप औषध घालण्याचा सल्ला मला अजूनही लोक देतात. हे घरात कधीही होणार नाही, निश्चिंत राहा.

पगाराचा दिवस, गटारी, मित्राची वरात, ३१ डिसेंबर या तारखांची मीटिंग आधीच ठरवून ठेव. आणि घसरलास तरी दुसऱ्या दिवशी जा. लाजेने आठवडा चुकवला की तो आठवडा पिण्यातच जातो. पिऊन आलेल्यालाही सहसा बसू देतात, फक्त बोलू नको म्हणतात. सलग काही दिवस प्यालास तर मात्र घरच्या घरी एकदम थांबू नकोस. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास आणि बडबड सुरू होऊ शकते. सरळ हॉस्पिटल गाठायचं. अडलं तर १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

मी अल-अ‍ॅनॉनला जाते, ते घरच्यांसाठी असतं. तिथे शिकवल्याप्रमाणे ‘गेलास का, काय झालं’ असं तुला रोज विचारणार नाही. तुझे खिसेही तपासणार नाही. सात ते नऊ माझा फोन येणार नाही, जेवण झाकून ठेवलेलं असेल.

तुझी,
आई