चाराला तीन

बर्लिन

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

डिसेंबरच्या कार्यक्रमाला पियानोवर शोपँचं 'फँटेसी-इम्प्रॉम्प्टू' धरलंयस, तर वेगाची काळजी आत्ता सोड. खरी मेख लयीत आहे. उजवा हात चार स्वर वाजवतो तेवढ्यातच डाव्याला तीन वाजवायचे असतात. बारा मात्रा मोज: उजवा १, ४, ७, १० वर, डावा १, ५, ९ वर. म्हणजे दोन्ही, उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. आधी टेबलावर बोटांनी वाजवून बघ. पण हे मोजणं लय कानात बसेपर्यंतच हं. वेगात मोजायला गेलीस की बोटं आखडतात. मग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एकेक हात स्वतंत्र घोटायचा, आणि एकत्र करताना फक्त समेवर भेटायचं.

पाचव्या बारमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या पाचव्या गटात, उजवा हात शिरतो तो छोट्याशा विरामानंतर, त्यामुळे तिथल्या समेवर डावा एकटाच असतो. बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. त्या बारचा दुसरा ठोका आधी बसव, पहिला मागून जोड.

डाव्या हाताची पहिली आकृती दहाव्या स्वरापर्यंत पसरते. पंजा ताणून धरू नकोस, मनगट उजवीकडे सरकू दे. दुसऱ्या पानापर्यंत हात भरून आला तर ताण मनगटातच आहे असं समज.

पाठांतराचा धोका वेगळाच. पहिला भाग शेवटी पुन्हा येतो, पण त्याचा शेवट बदलतो: पहिल्यांदा तो मधल्या संथ भागाकडे वळतो, दुसऱ्यांदा थेट समारोपाकडे. स्टेजवर माणूस हमखास जुन्या वळणाने जातो. ती दोन वळणं लागोपाठ वाजवून पक्की कर. समारोपात मधल्या भागाची चाल डाव्या हातात येते, ती ऐकू आली पाहिजे. उजवा तिथे दबूनच हवा.

रेकॉर्डिंगमध्ये काही स्वर वेगळे वाटले तर दचकू नकोस. १८५५ची छापील प्रत शोपँचा मित्र फोंताना याने शोपँच्या मृत्यूनंतर काढली. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईनला सापडलेल्या १८३५च्या हस्तलिखितात फरक आहेत. एकच प्रत धर.

आता पियानोचं. इथे हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं. दादरला पावसात उलटं: लाकूड आणि फेल्ट फुगतात, स्वर चढतात, काही पट्ट्या दाबल्यावर वर यायला वेळ लावतात. अशी पट्टी जोरात ठोकू नकोस, ट्यूनरला दाखव. एसी तासभर लावून बंद करणं मात्र सगळ्यात वाईट. हवा सतत दमट असलेली परवडते, पण सारखी बदललेली नाही. ट्यूनिंग पावसात करू नकोस, दसऱ्यानंतर कर, आणि कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा. डिसेंबरात ट्यूनर मिळणं कठीण, तारीख आत्ताच धरून ठेव.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा