तोकायच्या द्राक्षबागांविषयी अण्णांस पत्र

तीर्थस्वरूप अण्णा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी येथे खुशाल आहे. गेल्या शनिवारी येथून, हंगेरीतल्या देब्रेत्सेनहून, रेल्वेने वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या तोकाय या गावी जाऊन आले. अण्णा, तुम्ही माळकरी. तुमच्यापुढे वाइनचे कौतुक करणे बरे दिसत नाही. परंतु तेथील बागाईतदारांची रीत वाचून तुम्ही चार प्रश्न नक्की विचाराल, म्हणून सविस्तर लिहिते.

हंगेरीच्या ईशान्येला, स्लोव्हाकियाच्या सीमेकडे पसरलेल्या डोंगरांच्या पायथ्याशी हे लहानसे गाव आहे. पहिल्या महायुद्धानंतर सीमा नव्याने आखली गेली, तेव्हा या द्राक्षपट्ट्याचा थोडा भाग पलीकडे गेला. नांदूरमध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते, तशी येथे बोद्रोग नदी तिसा नदीला मिळते, आणि शरद ऋतूत त्यांच्यावरचे धुके सकाळी बागांमध्ये शिरते. आपल्याकडे असे धुके पडले की तुम्ही फवारणीच्या मागे लागता; येथे मात्र त्याची वाट पाहतात. त्या ओलाव्यात पिकलेल्या मण्यांवर एक बुरशी धरते, ती साल जागोजागी भेदते, आणि दुपारच्या उन्हावाऱ्याने आतले पाणी उडून जाऊन साखर आटून राहते. अशा मण्याला ऑसू म्हणतात, आणि त्याच्या गोड वाइनलाही तेच नाव आहे.

मी एक घड हातात घेऊन पाहिला. त्यात काही मणी हिरवे-पिवळे, काही जांभळट तपकिरी, तर काही पार सुरकुतलेले आणि राखाडी बुरशीने माखलेले होते. आपल्या बाजारात असा घड कोणी क्रेटमध्येही घेतला नसता. मजूर बायका त्यातला सुकलेला मणीच तेवढा हाताने खुडतात आणि पुन्हा काही दिवसांनी त्याच वेलीकडे येतात, त्यामुळे तोडणी नोव्हेंबरातही चालूच असते. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपात अशा मण्यांच्या किती टोपल्या घातल्या, त्यावरून वाइनची प्रत ठरत असे. आता ती लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर असण्यावर ठरते. कोणत्या गावांच्या बागा तोकाय या नावाखाली मोडतात, हे १७३७ सालीच राजाज्ञेने ठरवून दिले होते.

खडकात कोरलेली तळघरेही पाहिली. भिंतींवर काळ्या, मऊ बुरशीचा जाड थर होता आणि तो कोणी खरवडत नाही, कारण पिंपांतून उडणाऱ्या वाफेवर ती जगते.

छाटणीचे विचाराल, तर येथे वेल थंडीत झोपी जाते, म्हणून वर्षाला एकच मुख्य छाटणी. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा आपल्यासारखा फेरा नाही. मात्र जोखीम आहेच. ऊन न पडता नुसता पाऊस लागला तर तीच बुरशी सगळा घड सडवते, आणि त्या वर्षी ऑसूला माल मिळत नाही. म्हणून फुरमिंट जातीच्या निरोगी द्राक्षांची साधी कोरडी वाइनही येथे करतात. भाव पडला तर बेदाण्याची सोय असावी, असे तुम्ही म्हणता, त्यातलाच हा प्रकार.

आपली बाग आता फुलोऱ्यात आली असेल. डावणी रोगाचा त्रास कितपत झाला, ते दादाला सवडीने कळवायला सांगावे. लहानांस आशीर्वाद.

आपली लेक