गोदीतले वाडिया

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की मुंबईची गोदी म्हणजे इंग्रजांची करामत, आणि मला तेव्हा मीटिंग होती म्हणून गप्प बसलो, आता सगळं लिहूनच काढतो. पैसा ईस्ट इंडिया कंपनीचा, हुकूम कंपनीचा, मान्य! पण डोकं कोणाचं? लवजी नसरवानजी वाडिया सुरतेत सुतारांवरचा फोरमन होता, कंपनीने त्याला 1736 च्या सुमारास काही सुतारांसकट मुंबईला आणलं आणि 1750 मध्ये इथे सुकी गोदी झाली. भरतीला जहाज आत घ्यायचं, दारं लावायची, पाणी काढायचं की तळ उघडा, दुरुस्ती करा आरामात. पुढे शंभरावर वर्षं गोदीतले मास्टर बिल्डर, म्हणजे जहाजबांधणीचे प्रमुख, याच घराण्यातले.

मला खरी मजा वाटते ती लाकडाची. विलायतेत जहाजं ओकची, त्यातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. आपला मलबारी सागवान तेलकट, खिळ्याला सांभाळतो, कुजतही नाही लवकर. वर फळ्या नुसत्या एकीला एक चिकटवून ठोकायच्या नाहीत, कडेला खाच पाडून एकीत एक अडकवायच्या, म्हणजे पाणी शिरायला सरळ वाटच नाही. आता एवढ्या लांब फळीला इतकी नेमकी खाच हाताने पाडायची म्हणजे काय हात असेल रे! त्या सुतारांची नावं मात्र कुठेच येत नाहीत, याचा मला राग येतो.

याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी 1810 मध्ये 74 तोफांचं 'मिंडेन' बांधलं, रॉयल नेव्हीसाठी, म्हणजे ब्रिटिश आरमारासाठी, ब्रिटनबाहेर बांधलेली एवढी मोठी लढाऊ बोट ही पहिलीच. मग 1813 चं 'कॉर्नवॉलिस', ज्याच्यावर 1842 मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करायला लावली. इंग्रजांनी अफूच्या व्यापारापायी चीनशी केलेलं युद्ध ते, त्यामुळे इथे छाती फुगवताना मी जरा अडखळतो.

आणि 'ट्रिंकोमाली', जमशेटजींचीच आणखी एक लढाऊ बोट! तिचे नकाशे ज्या जहाजावरून येत होते तेच 1812 मध्ये अमेरिकनांच्या हाती लागलं, नकाशे गेले, परत मागवावे लागले. शेवटी 1817 ला पाण्यात उतरली आणि अजून तरंगतेय, इंग्लंडात हार्टलपूलला, म्हणजे तुझ्या न्यूकॅसलहून फार लांब पण नाही. एखाद्या रविवारी वहिनी आणि पोरांना घेऊन जाच, आणि पाटीवर जमशेटजींचं नाव केवढ्या अक्षरात लिहिलंय ते बघून मला कळव. तिकिटाचे पैसे मागू नकोस.

तुझा,
बाळ्या