साथीच्या कायद्याला लगाम कधी? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय, नमस्कार.

एप्रिल २०२१ मध्ये माझा मामा कोविडने गेला. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, मामी हात जोडून लांबून तरी दाखवा म्हणत होती आणि समोरचा माणूस एकच म्हणत होता, वरून ऑर्डर आहे. कुठली ऑर्डर, कोणाच्या सहीची, आम्हाला दाखवा म्हटलं तर त्याच्याकडेही नव्हती. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही, तोही पीपीई किटमध्ये उकडून निघत होता. पण ते 'वरून' म्हणजे नेमकं कुठून हे शोधायला मी नंतर कायदा वाचायला लागलो, म्हणून आज लिहितोय.

साथरोग कायदा १८९७ चा. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी घाईघाईत केलेला, मूळची फक्त चार कलमं. सरकारला गरज वाटेल ते उपाय करता येतील, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. झालं. माणसाचे हक्क काय, सरकारची जबाबदारी काय, यावर एक ओळ नाही. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे सोजीर घराघरात घुसले, देवघरापर्यंत गेले, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली, डॉक्टर-नर्सवर हल्ला केला तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा, ते बरोबरच झालं, पण रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या बाजूने तेव्हाही काही आलं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढे सांगतो. घटनेतली आणीबाणी लावायची तर कलम ३५२ प्रमाणे मंत्रिमंडळाने लेखी कळवावं लागतं, महिन्याच्या आत संसदेची मंजुरी लागते, दर ६ महिन्यांनी परत घ्यावी लागते, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, आणीबाणीतही थांबवता येत नाही. १९७५ चे चटके बसले म्हणून एवढं सगळं केलं ना आपण. आणि २०२० मध्ये आणीबाणी न लावताच अख्खा देश ४ तासांच्या नोटिशीवर बंद झाला, तो आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आणि खाली राज्याराज्यात हा १८९७ चा कायदा, दोन्हीत संसदेकडून मंजुरी घ्यायची अट नाही. त्या सप्टेंबरात प्रश्नोत्तराचा तास नव्हता, हिवाळी अधिवेशन तर झालंच नाही, मग विचारायचं कोणी आणि कुठे?

लॉकडाऊन करायलाच नको होता असं माझं म्हणणं नाही. साथीत बंधनं लागतात. पण ८ मे २०२० ला जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपेत मालगाडीखाली गेले, घरी जायला गाडी मिळेल एवढ्याच आशेवर चालत होते ते. बंद करताना ही माणसं घरी कशी जातील, खातील काय, याचं उत्तर आधी द्यायला सरकार कायद्याने बांधलेलं असतं तर?

कोर्टांनी नंतर बरंच सांगितलं. साथ आहे म्हणून कामगारांचा ओव्हरटाइम मारता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या केसमध्ये ऑक्टोबर २०२० ला. कोणाला जबरदस्तीने लस देता येणार नाही, पण लोकांच्या आरोग्यासाठी वाजवी बंधनं घालता येतील, हेही सुप्रीम कोर्टानेच, २ मे २०२२ ला. सन्मानाने दफन हा कलम २१ चाच भाग, हे मुंबई हायकोर्टाने वांद्र्याच्या कब्रस्तानांच्या केसमध्ये मे २०२० मध्येच सांगितलं होतं. पण हायकोर्टात जायला वकील लागतो, पैसे लागतात, वेळ लागतो, आणि प्रेत काही तारखेची वाट बघत नाही.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८६ वा अहवाल देऊन हा कायदा अपुरा आहे म्हणून सांगितलंय. संसर्ग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू नये हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्राला कायदा करता येतो. तेव्हा नवा कायदा आणा आणि त्यात एवढं तरी घाला साहेब: प्रत्येक आदेश लेखी, कारणासकट आणि मराठीसकट लोकांच्या भाषेत, त्याला मुदत, मुदत वाढवायची तर संसदेत किंवा विधानसभेत ठेवून, ज्याला कोंडलं त्याच्या जेवणाची आणि मजुरीची सोय, आणि तक्रार ऐकणारा माणूस जिल्ह्यातच, २४ तासांत उत्तर देणारा. मृतदेहाबद्दलचा नियम तर दवाखान्याच्या दारावर लावा, म्हणजे मामीसारख्या बाईला तो निदान वाचता येईल.

हे विधेयक कुठल्या अधिवेशनात आणणार, तेवढं कळवा. मी वाट बघतोय.

आपला,
एक नागरिक, पुणे