पहिला सर्फबोर्ड निवडताना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा सरला की आश्वे, मांद्रे, हरमल या आमच्या पेडणे तालुक्यातील किनाऱ्यांवर सर्फिंग शिकणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये समावेश झाल्यापासून या खेळाकडे स्थानिक मुलेमुलीही वळू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पहिला बोर्ड निवडताना त्यांची जी फसगत होते, ती घरातच पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

गेल्या डिसेंबरात माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून ६ फुटी, टोकदार, फायबरग्लासचा बोर्ड घेतला. विक्रेत्याने त्याचे वजन विचारले नाही, तो कोणत्या किनाऱ्यावर जाणार हेही विचारले नाही. बोर्डाच्या खालच्या बाजूला मधल्या लाकडी पट्टीजवळ पेन्सिलीने लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी २८ लिटर असे लिहिलेले होते, पण त्या आकड्याचा अर्थ आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. भाच्याचे वजन ६८ किलो. तो पालथा झोपताच बोर्ड छातीसकट पाण्याखाली जाई, कितीही हात मारले तरी वेग येत नसे आणि लाट त्याच्या अंगाखालून निघून जाई. चौथ्या दिवशी एक लाट मिळाली, तेव्हा बोर्डाचे टोक पाण्यात घुसून तो पुढे फेकला गेला आणि मागच्या कडक फिनने, म्हणजे बोर्डाखालच्या माशाच्या परासारख्या पात्याने, पोटरी चिरली. चार टाके पडले.

लिटरचा आकडा म्हणजे बोर्डाचे घनफळ. तो किती वजन तरंगत ठेवील याचा अंदाज त्यावरून येतो. प्रौढ नवशिक्याचे जितके किलो वजन, निदान तितके लिटर घनफळ असावे आणि थोडे अधिक असल्यास उत्तम, असा ठोकताळा प्रशिक्षकांमध्ये रूढ आहे. जखम भरल्यावर एका ओळखीच्या प्रशिक्षकाने भाच्याला ८ फुटी, सुमारे ८० लिटरचा, मऊ फोमचा बोर्ड दिला. मतलई वारे असताना, सकाळी सात वाजता, गुडघाभर फेसाळ लाटेवर तो तिसऱ्याच प्रयत्नात उभा राहिला. त्या क्षणाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

यात आपल्या दर्याच्या स्वभावाचाही भाग आहे. हिवाळ्यात इथल्या लाटा बहुधा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच उठतात आणि वाळूचा उतार मंद असल्याने त्यांत जोर कमी असतो. अशा मंद लाटेबरोबर सरकायला लांब, रुंद आणि जाड बोर्डच लागतो. आखूड, पातळ बोर्डाला उभी, वेगवान लाट हवी असते. बालीच्या प्रवाळखडकांवरील लाटांचे व्हिडिओ पाहून त्यांतल्यासारखा बोर्ड इथे आणणे म्हणूनच चुकीचे ठरते. फेस होण्याआधीची अखंड लाट स्वतः पकडून तिच्या अंगाने आडवे जाता येऊ लागले, की साडेसात फुटांच्या आसपासच्या बोर्डाकडे वळावे, असे माझे मत आहे. त्याआधी घाई नको. निष्णात मंडळीसुद्धा आपल्या लहान लाटांसाठी ९ फुटी लाँगबोर्ड आनंदाने वापरतात. पायाला बांधायची दोरी बोर्डाच्या लांबीइतकी असावी आणि नवशिक्यांच्या बोर्डाला फिन लवचिक असावेत, हेही पाहून घ्यावे. जून ते सप्टेंबरच्या खवळलेल्या समुद्रात मात्र नवशिक्याने कोणताच बोर्ड घेऊन उतरू नये.

बोर्ड विकणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्या सर्वांना आपल्या वृत्तपत्राद्वारे कळकळीची विनंती आहे, की गिऱ्हाइकाचे वजन, त्याला पोहता येते का आणि यापूर्वी तो किती वेळा लाटेवर उभा राहिला आहे, हे तीन प्रश्न पैसे घेण्यापूर्वी विचारावेत आणि प्रत्येक बोर्डावर घनफळाचा आकडा ठळकपणे लिहावा.

आपला नम्र,
एक वाचक, पेडणे (गोवा)